मिलानचं डिझाइन प्रदर्शन आणि तिथले डिझायनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की मिलानमधले फोटो फिरायला लागतात आणि त्यामागोमाग त्याच त्या शंका येतात. हा डिझायनर कोण, ही खुर्ची बसायची की नुसती बघायची, आपल्याकडचं कुणी तिथे असतं का? वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत. पैसा, कायदा आणि कस्टम्सच्या भानगडी शेवटी. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सालोने, फुओरीसालोने आणि मिलान डिझाइन वीक ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत का?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. सालोने देल मोबिले हा १९६१ मध्ये सुरू झालेला फर्निचरचा व्यापारी मेळा. तो शहराबाहेर रो इथल्या भल्यामोठ्या प्रदर्शन-संकुलात भरतो. वास्तुविशारद मास्सिमिलियानो फुक्सास यांचं हे संकुल २००५ मध्ये सुरू झालं. तिथे कंपन्या स्टॉल घेतात, दुकानदार आणि इंटिरियरवाले ऑर्डरी देतात. २०२५ मध्ये तिथे तीन लाखांहून जास्त लोक येऊन गेले.

फुओरीसालोने म्हणजे त्याच आठवड्यात शहरभर, मेळ्याच्या बाहेर जे काही चालतं ते सगळं: ब्रेरातली दालनं, तोर्तोनातली जुनी गोदामं, वाड्यांची अंगणं, बंद पडलेले कारखाने. याला एक मालक नाही, एक दरवाजा नाही. दोन्ही मिळून जो आठवडा होतो तो डिझाइन वीक. फोटोत दिसणाऱ्या चमत्कारिक वस्तू बहुतेक वेळा शहरातल्या असतात आणि धंदा रोला होतो.

२. हे सगळं मिलानलाच का? पॅरिस किंवा लंडन का नाही?

कारण कारखाने तिथे आहेत. मिलानच्या उत्तरेला ब्रियांझा नावाचा पट्टा आहे. कांतू, मेदा, लिस्सोने या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम चालत आलं. कास्सिना ही कंपनी मेदाची. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखानदारांनी वास्तुविशारदांना हाताशी धरलं. जिओ पोंती यांची सुपरलेज्जेरा खुर्ची १९५७ मध्ये कास्सिनाने बाजारात आणली. तिचं वजन जेमतेम १.७ किलो, एका बोटावर उचलता येते. असली खुर्ची कागदावर काढणं एक आणि तिचे सांधे वर्षानुवर्षं न खिळखिळता टिकतील असे बसवणं दुसरं. ते करणारे हात तासाभराच्या अंतरावर होते, म्हणून प्रदर्शन तिथे वाढलं. आज तिथे दिसणारे डिझायनर जगभरचे असतात, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा माल अजूनही त्याच परिसरात बनतो.

३. त्रिएन्नाले म्हणजे याच आठवड्याचा भाग ना?

एप्रिलमध्ये तिथेही खास प्रदर्शनं असतात, पण ही कला-डिझाइनची संस्था वेगळी आणि वयाने मोठी. तिची सुरुवात १९२३ मध्ये मोंझा या गावी झाली. १९३३ पासून ती मिलानमध्ये जोव्हान्नी मुत्सिओ यांनी बांधलेल्या इमारतीत आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात विक्री हा हेतू नसतो. एक विषय घेऊन महिनोन्‌महिने मांडणी चालते. २०१९ चं 'ब्रोकन नेचर' पाओला अँतोनेल्ली यांनी मांडलं. माणसाने निसर्गाशी तोडलेले धागे डिझाइनने सांधता येतील का, हा त्याचा विषय. २०२५ चा विषय होता विषमता.

एकाच भेटीत डिझाइनबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर माझं मत त्रिएन्नालेला. रोच्या हॉलमध्ये पाय दुखतात आणि शेवटी सोफे एकमेकांत मिसळून जातात.

४. तिथे डिझायनरही असतात आणि कलाकारही. मग फरक काय राहिला?

सोपी खूण अशी की डिझायनरला कुणीतरी काम सांगितलेलं असतं आणि वस्तू वापरायची असते. कलाकारावर ही दोन्ही बंधनं नसतात. पण मिलानमध्ये ही खूण पन्नासेक वर्षांपासून पुसट होत आली आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या मेम्फिस गटाने पहिलं प्रदर्शन भरवलं. त्यातलं 'कार्लटन' कपाट आठवा: तिरक्या फळ्या, भडक लॅमिनेट, हात पसरलेल्या माणसासारखा आकार. पुस्तकं ठेवली तर बरीच घरंगळतात. सोत्सास यांना ते ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? ऑलिव्हेत्तीसाठी टंकलेखन यंत्रं करणारा माणूस तो.

आता तर मेळाच कलाकारांना बोलावतो. २०२४ मध्ये सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी विचार करायची खोली उभारली. २०२५ मध्ये एस डेव्हलिन यांनी ब्रेरा कलासंग्रहालयाच्या अंगणात पुस्तकांनी भरलेलं, फिरतं, प्रकाशाचं ग्रंथालय मांडलं. डेव्हलिन मूळच्या रंगभूमीच्या नेपथ्यकार. त्यांना कोणत्या खणात टाकणार? मी तो नाद सोडला आहे. वस्तू एकच आहे, दहा आहेत की दहा हजार, हा प्रश्न विचारला की जास्त कळतं (प्रश्न ७).

५. आजचे कोणते डिझायनर ठाऊक असायला हवेत? सगळी नावं लक्षात राहत नाहीत.

सगळी ठेवू नका. काम करण्याच्या तऱ्हेवरून काही जण धरून ठेवले तर बाकीचे त्यांच्या आसपास आपोआप बसतात.

पहिले मार्टेन बास. आइंडहोवेनच्या डिझाइन अकादमीतून २००२ मध्ये बाहेर पडताना त्यांनी जुनं फर्निचर चक्क जाळलं. गॅसच्या ज्योतीने लाकूड कोळसा होईपर्यंत भाजायचं आणि मग वरून पारदर्शक इपॉक्सी ओतून तो कोळसा जागच्या जागी गोठवायचा. खुर्चीवर बसलं तर कपडे काळे होत नाहीत. पुढे मोओई कंपनीने ही 'स्मोक' मालिका उत्पादनात आणली, म्हणजे कारखान्यात नव्या खुर्च्या रीतसर जाळायला सुरुवात झाली. २००९ मध्ये बास यांनी मिलानमध्ये घड्याळं दाखवली, पण ती व्हिडिओची. एकात दोन झाडूवाले कचऱ्याच्या दोन लांब ओळी मिनिटामिनिटाला सरकवतात आणि त्या ओळीच काटे असतात.

मॅक्स लँब हे इंग्रज. २००६ मध्ये कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी त्यांनी ओल्या वाळूत स्टुलाचा साचा खणला आणि त्यात वितळलेला प्युटर, म्हणजे कथिलाचा मिश्रधातू, ओतला. गार झाल्यावर वाळू उकरून स्टूल बाहेर काढलं. पायांवर वाळूचे कण उमटलेले दिसतात. तंत्र सगळं उघड्यावर, लपवाछपवी नाही.

स्टुडिओ ड्रिफ्टच्या लोनेके गोर्डाइन आणि राल्फ नाउटा यांचा 'फ्रॅजाइल फ्यूचर' दिवा जवळून पाहण्यासारखा आहे. डँडेलियनच्या खऱ्या फुलातला एकेक केस चिमट्याने उचलून एलईडीभोवती पुन्हा चिकटवलेला. फोटोत तो नुसता गोंडस दिसतो. समोर उभं राहिल्यावर आपण श्वास जपून सोडू लागतो.

ओकी सातो यांचा नेंडो स्टुडिओ जपानचा. शिक्षण संपल्यावर ते मिलानचा मेळा पाहायला गेले, २००२ मध्ये स्टुडिओ काढला आणि २००३ मध्ये तिथल्याच नवोदितांच्या विभागात (प्रश्न १४) उभे राहिले. आता त्यांच्या कामांची यादी करणंही अवघड.

ब्राझीलचे कांपाना बंधू: त्यांची 'फावेला' खुर्ची म्हणजे लाकडाचे तुकडे एकावर एक ठोकून केलेली. कल्पना १९९१ ची, एद्रा कंपनीने उत्पादन सुरू केलं २००३ मध्ये. दोघांपैकी फर्नांदो २०२२ मध्ये गेले. स्पेनच्या पात्रिसिया उर्किओला मिलानमध्येच स्थायिक झाल्या आणि मोठ्या कंपन्यांसाठी सातत्याने काम करतात. हेला योंगेरियस कापड आणि रंगांसाठी. फोर्माफँताझ्मा ही जोडी मात्र अगदी वेगळ्या वाटेने जाते. त्यांच्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

आणि ज्यांच्यामुळे हे बरंचसं शक्य झालं तो ड्रोख हा डच गट. १९९३ मध्ये रेनी रामाकर्स आणि खेइस बाकर यांनी मिलानमध्ये तरुणांची मोजकी कामं मांडली. तेयो रेमी यांचं कपाट त्यातलंच: वेगवेगळ्या ठिकाणची जुनी, टाकून दिलेली खण-ड्रॉवरं, प्रत्येकाला नवी लाकडी चौकट आणि सगळ्यांना मिळून एक जाड पट्टा आवळलेला. पट्टा सोडला तर कपाट नाहीसं होतं. हे कपाट आता मोठ्या संग्रहालयांत आहे.

६. भारतातलं कुणी तिथे पोहोचलं आहे का?

हो, आणि बऱ्यापैकी आधीपासून. सत्येंद्र पाखले हे महाराष्ट्रात जन्मलेले. आयआयटी मुंबईत डिझाइन शिकले, पुढे स्वित्झर्लंडला गेले आणि १९९८ पासून त्यांचा स्टुडिओ ॲम्स्टरडॅममध्ये आहे. काप्पेल्लिनीसारख्या इटालियन कंपन्यांसाठी त्यांनी काम केलं. त्यांची 'हॉर्स चेअर' काशाच्या जातीच्या धातूत ओतलेली आहे. आकारावर मेणाचे दोरे एकाशेजारी एक लावायचे, वर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू शिरतो. मध्य भारतातले कारागीर वीतभर उंचीच्या मूर्ती याच पद्धतीने करतात. खुर्चीएवढ्या मापाला तीच पद्धत लावायची म्हटलं की धातू सगळीकडे सारखा पोहोचवणं हीच मोठी डोकेदुखी. पृष्ठभागावर दोऱ्यांच्या रेघा तशाच ठेवल्या आहेत.

निपा दोशी मुंबईच्या, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. जोनाथन लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी २००० मध्ये 'दोशी लेव्हिन' सुरू केलं. मोरोसो कंपनीसाठी त्यांनी केलेली 'चारपॉय' २००७ मध्ये मिलानला आली. बैठक इटलीत आणि वरच्या गाद्यांवरची भरतकामाची कलाकुसर भारतात, अशी ती विभागणी. दिल्लीच्या गुंजन गुप्ता यांची सायकलचं सीट, हँडल आणि भरलेल्या पोत्यांपासून केलेली 'बोरी सायकल' खुर्चीही बरीच फिरली आहे.

वास्तुविशारद बिजॉय जैन यांचं नाव अनेक जण या यादीत सुचवतात. त्यांच्या स्टुडिओ मुंबईचं काम मोठं आहेच, पण त्याची गाजलेली प्रदर्शनं मिलानबाहेरची: २०१० मध्ये व्हेनिसचं वास्तुकला बिएन्नाले आणि २०२३-२४ मध्ये पॅरिसच्या फोंदासिओं कार्तिए या कलासंस्थेतलं.

७. फोटोत पाहिलेली वस्तू विकत मिळते का?

तीन शक्यता असतात.

प्रोटोटाइप असेल तर नाही. तो एकच नग असतो, कधीकधी त्यावर बसूही देत नाहीत, कारण आतली चौकट अजून पक्की झालेली नसते. मेळ्यात कंपनी असे नग ठेवते आणि दुकानदारांचा प्रतिसाद बघते. मागणी नसेल तर तो कधीच बाजारात येत नाही. पुढच्या वर्षी 'ती खुर्ची कुठे मिळेल' असं विचारणाऱ्यांना इथेच उत्तर मिळेल: बहुधा कुठेच नाही.

मर्यादित आवृत्ती असेल तर दालनाकडून मिळते, क्रमांक घातलेली, साधारण आठ-दहा-बारा नगांची. मिलानमध्ये निना याशार यांचं निलुफार आणि रोस्साना ओर्लांदी यांचं दालन अशा कामांसाठी प्रसिद्ध आहे.

उत्पादनातली वस्तू असेल तर दुकानात येते, पण लगेच नाही. एप्रिलमध्ये पाहिलेली वस्तू हातात पडायला वर्ष लागलं तरी नवल नाही.

स्टॉलवर किंवा दालनात विचारायचं असेल तर किंमत विचारू नका. 'हे उत्पादनात आहे का?' असं विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

८. एखादी खुर्ची कोट्यवधींना विकली जाते, त्याचं कारण काय?

दरवेळी याच एका वस्तूचं उदाहरण येतं, म्हणून तेच घेऊ. डिझायनर मार्क न्यूसन यांचा 'लॉकहीड लाउंज' २८ एप्रिल २०१५ रोजी लंडनमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात २४,३४,५०० पौंडांना गेला. फायबरग्लासच्या अंगावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून रिव्हेटने जोडलेले, जुन्या विमानासारखे. हयात डिझायनरच्या कामाला तोवर इतकी किंमत कधी मिळाली नव्हती.

आवृत्ती दहाची, शिवाय कलाकाराच्या चार प्रती आणि एक प्रोटोटाइप. म्हणजे जगात मोजकेच नग. त्यात डिझायनर फिलिप स्टार्क यांनी न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट हॉटेलच्या लॉबीत तो ठेवला, मॅडोनाच्या एका व्हिडिओत तो दिसला. थोडे नग आणि भरपूर प्रसिद्धी. आरामाचा इथे काही संबंध नाही. धातूचा पृष्ठभाग गार असतो आणि अंग घसरतं. लिलावातली रक्कमही विकणाऱ्या मालकाला जाते, डिझायनरच्या खिशात नाही.

९. मग डिझायनरला पैसे मिळतात कसे?

बहुतेक वेळा रॉयल्टीतून, आणि ती ऐकून नवखे खट्टू होतात. कंपनी ज्या भावाने माल दुकानदाराला देते त्याच्या साधारण ३ ते ५ टक्के. समजा कारखान्याचा भाव २०० युरो आणि रॉयल्टी ४ टक्के, तर एका खुर्चीमागे ८ युरो. वर्षाला हजार खुर्च्या खपल्या तर ८,००० युरो. त्यातून स्टुडिओचं भाडंही निघत नाही. हजार खुर्च्या खपणं ही काही खायची गोष्ट नाही, हे आणखी वेगळं. काही कंपन्या आगाऊ रक्कम देतात, काही नाही.

म्हणून नावाजलेले डिझायनरही दुकानांचे इंटिरियर, ब्रँडसाठी मांडण्या (प्रश्न ११), अध्यापन आणि मर्यादित आवृत्त्या करतात. ज्याच्या खुर्च्यांचे फोटो सगळीकडे दिसतात तो खुर्च्यांवरच जगतो असं धरून चालू नका.

१०. सगळेच 'पर्यावरणपूरक' म्हणतात. खरं कोण ते कसं ओळखायचं?

आठवडाभरासाठी उभारून सोमवारी मोडायच्या मांडणीवर 'टिकाऊ' अशी पाटी असली की मला हसू येतं. पण काही जण खरंच खोलात जातात.

आंद्रेया त्रिमार्की आणि सिमोने फारेसिन, म्हणजेच फोर्माफँताझ्मा, यांनी 'ओअर स्ट्रीम्स' हे काम मेलबर्नच्या एनजीव्ही संग्रहालयासाठी २०१७ मध्ये केलं आणि २०१९ मध्ये ते त्रिएन्नालेत आलं. विषय ई-कचरा. टेबल, कपाट, कचऱ्याची टोपली अशा ऑफिसच्या वस्तू होत्या आणि त्यांत मोबाइलची कवचं, मायक्रोवेव्हची जाळी वगैरे बसवलेली. पण कामाचा जीव त्यासोबतच्या व्हिडिओंमध्ये होता. पुनर्चक्रण करणाऱ्यांशी बोलून त्यांनी बारीकसारीक अडचणी शोधल्या. उदाहरणार्थ, कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रांतल्या प्रकाश-संवेदकांना काळं प्लास्टिक नीट ओळखता येत नाही. मग वायरी काळ्याच का करायच्या? स्क्रू प्रत्येक कंपनीचे निराळे का? रंग बदलण्याइतका साधा उपाय आणि तो कुणी करत नाही.

तेव्हा पाटी वाचताना साहित्याच्या नावावर थांबू नका. वस्तू सुट्टी करता येते का, आणि ती परत घेण्याची जबाबदारी कुणावर, हे दोनच प्रश्न पुरतात. उत्तर देताना स्टॉलवरचा माणूस अडखळला तर समजून जा.

११. मोटारी, कपडे, मोबाइलवाल्या कंपन्यांच्या मांडण्या म्हणजे शेवटी जाहिरातच ना?

हो. पण पैसा तिथून येतो आणि कधीकधी चांगलं कामही. प्राडा या फॅशन कंपनीने २०२२ पासून फोर्माफँताझ्माच्या देखरेखीखाली चर्चासत्रं सुरू केली. तिथे बॅगा विकल्या जात नाहीत, शास्त्रज्ञ आणि अभ्यासक बोलतात. उलट नुसते आरसे, धुकं आणि सेल्फीची रांग असलेली दालनंही पैशाला पासरी. रांगेत दीड तास उभं राहण्याआधी आत डिझायनरचं नाव लिहिलंय का ते बघा. नसेल तर चहा प्यायला जा.

१२. तिथे वाद होतात का, की सगळं गुडीगुडी?

होतात. २०१९ चा सर्वांत गाजला. गाएतानो पेशे यांच्या 'अप ५' खुर्चीला पन्नास वर्षं झाली होती. १९६९ ची ही खुर्ची व्हॅक्यूम पॅकिंगमधून काढली की आपोआप फुगायची. आकार स्त्रीच्या देहाचा आणि तिला दोरीने बांधलेला गोळा, कैद्याच्या पायातल्या बेडीसारखा. स्त्रीला समाजाने कैदेत ठेवलं आहे असं पेशे यांना त्यातून म्हणायचं होतं. वर्धापनाला त्यांनी कॅथेड्रलसमोरच्या चौकात आठ मीटर उंचीची आवृत्ती उभी केली, अंगभर बाण खुपसलेली, भोवती हिंस्र पशूंची डोकी.

'नॉन उना दि मेनो' या स्त्रीवादी चळवळीने तिथेच निदर्शनं केली. हिंसा दाखवायला पुन्हा बाईचाच देह, तोही बसायची वस्तू करून. आणि हिंसा करणारा पुरुष कुठेच नाही, त्याच्या जागी जनावरं. मला हा आक्षेप पटतो. पेशे यांचा हेतू खोटा होता असं नाही, पण सोफ्याच्या वाढदिवसाला तो विषय वापरणं खटकणारच.

१३. प्रत्यक्ष वस्तू घडवणाऱ्या कारागिरांचं नाव कुठे असतं?

बहुतेक पाट्यांवर नसतं. डिझायनरचं असतं, कंपनीचं असतं, कधी धातूचंही असतं. काही दालनं आता कार्यशाळेचं नाव देऊ लागली आहेत, पण नियम असा नाही.

कोल्हापुरी चपलेचं काय, हे इथे हमखास विचारतात. आधी एक दुरुस्ती: जून २०२५ मधला तो प्रकार मिलानच्या फॅशन वीकमधला, डिझाइन वीकमधला नव्हे. प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, मूळचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. पण मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं. नाव न घेता तसाच आकार केला तर कायद्याने पकडणं कठीण, म्हणून दबाव लोकमताचाच लागला.

१४. मी नवखा आहे. मला तिथे काम मांडता येईल का?

सालोने सातेल्लिते हा विभाग त्यासाठीच आहे. मार्वा ग्रिफिन यांनी १९९८ मध्ये तो सुरू केला. वय ३५ च्या आत हवं, निवड समितीतून व्हावी लागते, आणि तिथे प्रोटोटाइपच अपेक्षित असतात. कंपन्यांचे लोक हेरायला येतात हे खरं. पण स्टॉलचं शुल्क, प्रवास, वस्तू नेण्याआणण्याचा खर्च आपल्या खिशातून, आणि त्या आठवड्यात मिलानमधली हॉटेलं अवाच्या सवा दर लावतात.

वय उलटून गेलं असेल तर शहरातली सामूहिक प्रदर्शनं बघा. २०१८ मध्ये जोसेफ ग्रिमा आणि व्हालेंतिना चुफ्फी यांनी सुरू केलेलं 'अल्कोव्हा' स्वतंत्र डिझायनरांना जागा देतं. वास्तू बदलत राहते: पानेत्तोने नावाच्या केकचा जुना कारखाना, लष्करी रुग्णालय, बंद कत्तलखाना. अर्ज कित्येक महिने आधी करावे लागतात. जाण्यापूर्वी प्रश्न १६ आणि १७ जरूर वाचा.

१५. नुसतं बघायला जायचं तर?

मेळ्याला तिकीट लागतं आणि सामान्य प्रेक्षकांना शेवटचे शनिवार-रविवार मोकळे असतात. शहरातलं बहुतेक फुकट, काही ठिकाणी आधी नोंदणी. दिवे बघायचे असतील तर विषम वर्ष धरा, तेव्हा युरोलुचे असतं. स्वयंपाकघरं बघायची तर सम वर्ष.

१६. प्रदर्शनात दाखवलेल्या डिझाइनची कुणी नक्कल केली तर? आधी नोंदणी करायची की नंतर?

आधी. शंका असेल तर आधीच.

युरोपीय संघात नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही, ते तिथे पहिल्यांदा लोकांसमोर आल्यापासून ३ वर्षं संरक्षण मिळतं. मात्र समोरच्याने नक्कल केली हे दाखवावं लागतं. शिवाय दाखवल्यानंतर १२ महिन्यांच्या आत नोंदणी करता येते. ती पाच-पाच वर्षांनी वाढवत २५ वर्षांपर्यंत जाते.

भारतात मात्र असली सरसकट सवलत नाही आणि इथेच लोक फसतात. डिझाइन कायदा, २००० नुसार अर्जाआधी डिझाइन प्रसिद्ध झालं तर नावीन्य संपतं, आणि हे प्रसिद्धीकरण जगात कुठेही झालेलं चालतं. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटोही त्यात आला. कलम २१ मध्ये प्रदर्शनांसाठी सूट आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं हवं, दाखवण्याआधी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना सूचना द्यायला हवी आणि पहिल्या दिवसापासून ६ महिन्यांत अर्ज करायला हवा. यातलं एक जरी राहिलं तरी सूट गेली. सोपा मार्ग: आधी भारतात अर्ज टाका. त्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. भारतातलं संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं.

१७. वस्तू इथून न्यायची आणि परत आणायची तर कस्टम्सचं काय?

एटीए कार्नेट काढा. प्रदर्शनापुरती वस्तू नेऊन परत आणण्यासाठीचा हा परवाना भारतात फिक्की ही उद्योग संघटना देते, मुदत एक वर्ष. दोन्हीकडे शुल्क भरावं लागत नाही. अट एकच: वस्तू परत यायला हवी. तिथे गिऱ्हाईक भेटलं आणि कार्नेटवरची खुर्ची विकून टाकली तर तिथलं आयात शुल्क आणि कर भरावेच लागतात. विकायची शक्यता असेल तर ती वस्तू सुरुवातीपासूनच साध्या निर्यातीच्या कागदपत्रांवर पाठवा.

लाकडाच्या पेट्यांवर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे कीड मारण्यासाठी लाकडावर ठरलेली प्रक्रिया (बहुधा तापवण्याची) झाली आहे याची खूण. शिक्का नसलेली पेटी बंदरावरच अडते.

आणि शिसवी लाकूड वापरलं असेल तर जपून. डालबर्जिया प्रजातीतली जवळपास सगळी झाडं, त्यात आपला शिसव आणि शिसम दोन्ही आले, जानेवारी २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागू शकतं आणि ते मिळायला वेळ जातो. सागवानाला ही अट नाही. सुताराने 'शिसवीसारखंच आहे' म्हणून दिलेलं लाकूड नेमकं कोणतं, हे बिलावर लिहून घ्या.